केळीचे पिल्लू आणि पेठेतले परस

पुण्याच्या नारायण पेठेचा इतिहास लिहायचा झाला, तर त्यात केसरीवाडा येतो, मोदी गणपती येतो, पत्र्या मारुती येतो, पानशेतचा पूर येतो. केळ येत नाही. वास्तविक पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या मागच्या अंगाला, न्हाणीच्या मोरीला लागून, केळीचे एखादे बेट असायचेच. वाड्याचे मालक बदलत, बिऱ्हाडे बदलत, एखादी भिंत खचे आणि पुन्हा उभी राही. केळ आपल्या जागी असे. निदान वरवर पाहणाऱ्याला तसे वाटे. नीट लक्ष ठेवणाऱ्याला कळे, की ती दर दोन-तीन वर्षांनी वीतभर सरकलेली आहे. आजी ज्या केळीचे पान कापत होती ती आणि नातसून ज्या केळीचे पान कापते ती, या दोन्ही एकच की वेगवेगळ्या? या साध्या प्रश्नाच्या मागे लागलो, तर आपण पेशवाईच्या आणि लिहिलेल्या इतिहासाच्याही फार मागे जाऊन पोचतो.

सुरुवात पेठेपासूनच करू. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळात वसलेल्या या पेठेला त्यांच्या धाकट्या भावाचे, नारायणरावांचे नाव मिळाले. एका बाजूला मुठा नदी. वाड्यांची घडण ठरलेली: दिंडी दरवाजा, ओसरी, चौक, माजघर, स्वयंपाकघर आणि सर्वांत शेवटी परस. आडाचे पाणी पोहऱ्याने शेंदायचे, त्यावर अंघोळी, धुणी, भांडी व्हायची आणि वापरलेले पाणी मोरीतून बाहेर पडून परसातल्या मातीत जिरायचे. जिथे ते जिरायचे तिथे केळ, अळू आणि कर्दळ. ही निवड कुणी वनस्पतिशास्त्र वाचून केलेली नव्हती, पण ती अगदी चपखल होती. केळीची पाने मोठाली, त्यांतून पाण्याची वाफ भरपूर होते. मुळे मात्र बरीचशी उथळ. त्यामुळे तिला ओल कायम हवी असते आणि साचलेले पाणी मात्र सोसत नाही. रोज थोडेथोडे येऊन मुरणारे मोरीचे पाणी तिला मानवायचे. शिवाय भांडी राखेने घासली जात. लाकडाच्या राखेत पालाश असते आणि केळीला सर्वांत जास्त भूक पालाशाची. आपण खत घालत आहोत हे भांडी घासणारीच्या गावीही नसे.

पुण्याला पाणी मिळत गेले तसे हे परस बहरले. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, अठराव्या शतकाच्या मध्याला, कात्रजच्या तलावातून भुयारी नळाने पाणी आणून शहरातले हौद भरण्याची सोय झाली. १८७९ साली खडकवासल्याचे धरण पुरे झाले आणि पुढे घरोघर नळ आले. घरात पाणी जास्त आले म्हणजे मोरीतून बाहेरही जास्त गेले. पुढे विसाव्या शतकात भुयारी गटारे आली तेव्हा हेच पाणी परसाकडे न जाता जमिनीखालून नाहीसे होऊ लागले. आरोग्याच्या दृष्टीने ते उत्तमच झाले, त्याबद्दल कुणी हळहळू नये. पण केळीच्या बाजूने पाहिले तर तिचा पाट तिथे तुटला.

ती घराला काय देत असे, हे शिक्षकांना सांगायची गरज नाही. सणावाराला पान, केळफुलाची भाजी, कच्च्या केळ्याचे काप, हार गुंफायला सोपटाचा दोरा आणि सत्यनारायणाला खांब. यातल्या खांबांकडे मुलांचे लक्ष जरूर वेधावे. केळीच्या बेटात पिले फार झाली तर ती एकमेकांचे अन्नपाणी ओढून घेतात आणि घड लहान येतो. जास्तीची पिले काढावीच लागतात. चौरंगाच्या चार कोपऱ्यांना बांधले जाणारे खांब म्हणजे बरेचदा हीच जास्तीची पिले! धर्मकृत्य आणि बागेची विरळणी एकाच कोयत्याने उरकत असे.

आता मूळ मुद्दा. ही केळ वाड्यात यायची कशी? आंब्याची कोय पुरता येते, पपईचे बी टाकता येते. केळीचे बी कुणी पाहिले आहे? केळे उभे चिरले, तर मधोमध बारीक काळसर ठिपके दिसतात. ती बीजांडे आहेत, कधीच न फळलेली. त्यांतून काही उगवणार नाही. म्हणून केळ हवी असेल तर ज्यांच्याकडे ती आहे त्यांच्याकडे पिल्लू सांगून ठेवायचे आणि वाट पाहायची. ‘यंदाचे पिल्लू आमच्यासाठी ठेवा’ असे शेजारी, नात्यात किंवा माहेरी सांगून ठेवलेले असे. पुण्याकडे पिल्लू किंवा कोंब म्हणतात, खानदेशात मुनवा.

वाट का पाहावी लागते, हे समजायला केळीची रचना पाहायला हवी. आपण ज्याला खोड म्हणतो ते खोड नव्हेच. पानांचे देठ एकमेकांभोवती घट्ट गुंडाळले जाऊन झालेला तो खांब आहे. आडवा कापला तर कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. खरे खोड म्हणजे जमिनीखालचा कंद. आले, हळद, कर्दळ ही मंडळी केळीच्याच गणातली, एवढे सांगितले की मुलांना ते पटकन पटते. कंदाच्या टोकाशी एक वाढणारा डोळा असतो आणि बाजूला अनेक निद्रिस्त डोळे. मधला डोळा जोरात वाढत असतो तोवर बाजूच्यांना दबवून ठेवतो. केळ चांगली चार-सहा महिन्यांची झाली, कंद पोसला, की बाजूचे डोळे फुटू लागतात. पिलांतही दोन तऱ्हा. एकाची पाने तलवारीच्या पात्यासारखी अरुंद आणि बुंधा जाड. दुसऱ्याची पाने लहानपणापासूनच पसरट आणि बुंधा बारीक. नवखा माणूस हमखास दुसरे उचलतो, कारण ते हिरवेगार आणि टवटवीत दिसते. जाणता माणूस पहिले घेतो. तलवारीसारख्या पानांचे पिल्लू आईच्या कंदाला घट्ट जोडलेले असते, तिच्या अन्नावर वाढते आणि त्याचा स्वतःचा कंदही भरदार होतो. त्याला पाने पसरण्याची घाई नसते. पसरट पानांच्या पिलाचा आईशी सांधा कमजोर असतो, त्यामुळे त्याला स्वतःचे अन्न स्वतः करण्याची घाई झालेली असते. अशा पिलाची केळ मागे पडते.

एका कोवळ्या पिलाच्या प्रत्येक नव्या पानावर आम्ही तारीख लिहीत गेलो. पावसाळ्यात आठ-दहा दिवसांना एक पान उलगडत होते, थंडीत तेच पंधरा-वीस दिवसांवर गेले. साधारण तीस ते चाळीस पाने झाली की केळ निसवते. फुलाचा अंकुर जमिनीलगत कंदाच्या टोकाशी तयार होतो आणि त्या पापुद्र्यांच्या पोकळीतून वर चढत चढत शेंड्याशी बाहेर पडतो. तोवर बाहेरून काहीच दिसत नाही. घड उतरला की त्या केळीचे आयुष्य संपते. ती पुन्हा कधीच फळत नाही, कारण तिच्या वाढीचा डोळाच फुलात खर्ची पडलेला असतो. मात्र तोवर पिल्लू गुडघ्याएवढे, कंबरेएवढे झालेले असते. ते आईच्या एका अंगाला उगवलेले असल्यामुळे बेट सरकते. वीतभर सरकते म्हटले ते यामुळे.

सह्याद्रीत केळीचे एक नातलग आहे, तिच्याशी तुलना केली की ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. पावसाळ्यात घाटातल्या कड्यांवर जी रानकेळ दिसते, जिला चवई किंवा कवदर म्हणतात, ती वरून अगदी केळीसारखी. विल्यम रॉक्सबर्ग यांनी तिला केळीच्याच प्रजातीत घातले होते. पुढे १९४० च्या दशकात अर्नेस्ट चीझमन यांनी तिला वेगळ्या, एन्सेटे या प्रजातीत नेले. चवईला पिल्लू फुटत नाही. उन्हाळ्यात पाने जळून जातात, कंद टिकतो, पावसात पुन्हा पाने येतात, काही वर्षांनी एकदाच फुलते आणि मरते. तिच्या फळात गर कमी आणि काळ्या, कठीण, टपोऱ्या बिया भरपूर. तिची सगळी आशा बियांवर. प्रत्येक बी आईबापांपेक्षा जरा निराळे. परसातल्या केळीने मात्र बी सोडले आणि पिल्लू धरले. ते तिने आपणहून केलेले नाही. त्यात माणसाचा हात आहे.

तो हात किती जुना? न्यू गिनीच्या डोंगराळ भागात कुक नावाची एक दलदल आहे. १९७० च्या दशकात जॅक गोल्सन यांनी तिथे जुन्या चरांचे आणि वाफ्यांचे उत्खनन केले. पुढे टिम डेनहॅम आणि सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवून दिले, की तिथे सुमारे साडेसहा ते सात हजार वर्षांपूर्वी केळीची लागवड होत होती. केळीचे पान तर कुजून जाते, मग पुरावा कसला? वनस्पती जमिनीतली सिलिका पेशींत साठवतात आणि पान कुजले तरी ते सूक्ष्म कण मातीत राहतात. केळीच्या पानातले कण सूक्ष्मदर्शकाखाली लहानशा ज्वालामुखीसारखे, वर खळगा असलेले दिसतात. त्यांवरून केळ ओळखता येते.

रानटी केळीच्या दोन जाती आपल्या दृष्टीने महत्त्वाच्या: म्यूसा अक्युमिनाटा आणि म्यूसा बाल्बिसिआना. दोन्हींच्या फळांत बिया असतात. माणसे आणि त्यांच्याबरोबर पिले एका बेटावरून दुसऱ्या बेटावर गेली, निरनिराळ्या भागांतले रानटी प्रकार शेजारीशेजारी आले, त्यांचे संकर झाले. काहींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच आले. केळीच्या एका संचात ११ गुणसूत्रे असतात. तीन संच म्हणजे ३३. बी तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या लागाव्या लागतात आणि तिघांची जोडी लागत नाही, त्यामुळे बी धरत नाही. शिवाय काही केळींत परागीभवनाशिवायच गर भरण्याचा गुण होता. ज्या केळीत बिया कमी आणि गर जास्त, तिचेच पिल्लू माणूस उचलणार हे उघड आहे. सिमंड्स आणि शेफर्ड यांनी १९५५ साली याच्या आधारे केळीच्या प्रकारांची मांडणी केली: अक्युमिनाटाचा प्रत्येक संच म्हणजे ‘अ’, बाल्बिसिआनाचा ‘ब’. आपली बसराई ‘अअअ’, वसईकडे जिची सुकेळी करतात ती राजेळी ‘अअब’, सफेद वेलची ‘अब’. वेलचीत दोनच संच असूनही बी धरत नाही, कारण ते दोन वेगळ्या जातींचे आहेत.

याचा अर्थ असा, की परसातले पिल्लू हे आईचे मूल नव्हे, तिचाच एक भाग आहे. तिची आईही तिच्या आईचा भाग. मधे कुठेही बी नाही. आजीची केळ आणि नातसुनेची केळ एकच. आणि ती साखळी मागे नेत गेलो तर हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी पहिल्यांदा पिल्लू उपटून दुसरीकडे लावले तिथपर्यंत, एका हातातून दुसऱ्या हातात, न तुटता पोचते. मधल्या काळात क्वचित एखाद्या डोळ्यात अचानक बदल होतो आणि उंच केळीला बुटके पिल्लू येते, किंवा उलट. बदल असा तुटपुंजा. बाकी सारे जसेच्या तसे.

पिलाची वाट पाहणे ही काही फक्त आपल्याकडची हकिगत नाही. हॉलंडमध्ये जॉर्ज क्लिफर्ड या धनिकाच्या बागेत काचघरात एक केळ होती, ती फुलत नव्हती. तरुण लिनियस तेव्हा त्या बागेची देखरेख करत होता. त्याने तिला कसदार माती दिली, काही आठवडे पाणी तोडले आणि मग भरपूर पाजले. मोसमी पावसाचे नाटकच म्हणायचे! १७३६ साली केळ फुलली आणि लिनियसने तिच्यावर एक स्वतंत्र पुस्तिका लिहिली. पुढे त्याने केळीला लॅटिन नावे दिली, एक ‘स्वर्गातली’ या अर्थाचे आणि एक ‘ज्ञानी लोकांची’ या अर्थाचे. दुसऱ्या नावामागे भारतातले ऋषी केळी खातात ही जुनी ग्रीक-रोमन ऐकीव माहिती होती. प्रजातीचे ‘म्यूसा’ हे नाव अरबी ‘मौज’वरून आले आणि ते आपल्या संस्कृत ‘मोचा’शी जुळते असे काही अभ्यासक मानतात. गंमत अशी, की लिनियसने जाती म्हणून ज्यांना नावे दिली त्या जाती नव्हत्याच, बी नसलेले संकर होते.

शंभर वर्षांनी इंग्लंडमध्ये हेच पुन्हा घडले. मूळ दक्षिण चीनमधली एक बुटकी केळ मॉरिशसमार्गे १८२९ मध्ये इंग्लंडला गेली. तिचे एक रोप चॅट्सवर्थ येथे ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या काचघरात आले. ड्यूकचे घराणे कॅव्हेंडिश. माळी जोसेफ पॅक्स्टन. पुढे लंडनच्या स्फटिक महालाचा आराखडा करणारा हाच. १८३५ च्या नोव्हेंबरात केळ फुलली, पुढच्या वर्षी तिला पारितोषिक मिळाले आणि धन्याचे नाव तिला चिकटले. मग पिले आली. जॉन विल्यम्स या मिशनऱ्याबरोबर ती काचेच्या पेटीतून प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांकडे रवाना झाली. आपल्याकडची बसराई हीदेखील बुटकी कॅव्हेंडिशच. देशात तिला वामनकेळी म्हणतात, मॉरिशसही म्हणतात. जळगाव जिल्ह्यात रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांत पिढ्यान्‌पिढ्या बसराईच्या बागा झाल्या. जूनमध्ये लावलेली मृगबाग आणि ऑक्टोबरात लावलेली कांदेबाग. मुनवे एका बागेतून दुसऱ्या बागेत जात राहिले. आज तिथे दिसणारी ग्रँड नैन ही त्याच कुळातली. फ्रेंच नावाचा अर्थ ‘थोरली ठेंगू’ असा होतो. तिची रोपे प्रयोगशाळेत, कंदाच्या वाढत्या टोकाच्या इवल्या तुकड्यापासून काचेच्या बाटलीत वाढवलेली असतात. पिलाची वाट पाहण्याची गरज तिथे संपली.

एकच केळ सगळीकडे असण्यात धोका आहे आणि तो जगाने एकदा भोगला आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोप-अमेरिकेच्या बाजारात ग्रो मिशेल नावाची एकच केळ होती. मातीतल्या एका बुरशीने, ज्याला पनामा रोग म्हणतात, मध्य अमेरिकेतल्या तिच्या बागा एकामागून एक मारल्या. जी बुरशी एका रोपाला मारते ती सगळ्यांना मारते, कारण सगळी रोपे एकच. १९६० च्या सुमारास व्यापाराने ग्रो मिशेल सोडून कॅव्हेंडिश धरली. तिला तो रोग होत नव्हता. मग त्याच बुरशीचा एक नवा प्रकार निघाला, जो कॅव्हेंडिशलाही मारतो. तो आग्नेय आशियातून पसरत गेला, गेल्या दशकात बिहारमध्ये आढळला, २०१९ मध्ये कोलंबियात पोचला. बुरशी पसरण्याच्या वाटांपैकी एक म्हणजे हातातून हातात जाणारे पिल्लू. पर्णगुच्छ रोगाचा विषाणूही पिलातून जातो. वारसा येतो तो रोगासकट.

अशा वेळी शास्त्रज्ञ निराळ्या केळींकडे वळतात. पण बी नसल्यामुळे केळींचे प्रकार धान्यासारखे पाकिटात भरून ठेवता येत नाहीत. ते जिवंतच ठेवावे लागतात, शेतात किंवा बाटलीत. बेल्जियममधल्या लुव्हेन येथे १९८५ पासून असा एक संग्रह आहे, त्यात दीड हजारांवर नमुने आहेत. आपल्याकडे तमिळनाडूत तिरुचिरापल्ली येथे १९९३ साली राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र सुरू झाले. घराघरांतले परस हा तसाच एक संग्रह होता, फक्त त्याची नोंदवही नव्हती.

नारायण पेठेत हा संग्रह कसा मोडला, ते पाहू. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले आणि त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे जुने धरणही टिकले नाही. पेठेला ज्याने ऐंशी वर्षे पाणी दिले तेच पेठेवर चालून आले. नदीकाठच्या पेठांत कच्च्या विटांच्या आणि मातीच्या भिंती भिजून बसल्या. माणसे लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर अशा नव्या वस्त्यांत गेली. जाताना कुणी पिल्लू घेऊन गेले असेल असे आम्हाला वाटत नाही. त्या दिवसांत ते सुचण्यासारखेही नव्हते. पण आमच्या मते पुराने जेवढे परस नेले त्याहून अधिक त्यानंतरच्या शांत वर्षांनी नेले. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठली, मालकांना डागडुजी परवडेना, वाडे खिळखिळे झाले. १९७० साली महाराष्ट्रात सदनिकांच्या मालकीचा कायदा आला आणि वाड्याच्या जागी इमारत बांधणे सगळ्यांच्याच सोयीचे झाले. वाडा पाडताना सागवानी खांब, तुळया, कडीकोयंडे यांना गिऱ्हाईक असते. परसातल्या केळीला नसते. तिथे फरशी पडते, वाहने उभी राहतात. लक्ष्मी रस्त्याला खांब आणि पाने आजही मिळतात, ती शेतातून येतात. त्यांना कंद नसतो, म्हणजे पुढे लावण्यासारखे काही नसते.

गच्चीवर किंवा इमारतीच्या कडेच्या पट्टीत केळ लावणारे आता बरेच आहेत, आणि केळ पिंपातही येते. पिंप दोनशे लिटरचे घ्यावे, बुडाला भोके असावीत, ऊन निदान अर्धा दिवस मिळावे. रोपवाटिकेतून बहुधा ग्रँड नैन मिळेल. ती रोगमुक्त असते आणि वर्षभरात निसवते. पहिल्यांदा केळ पाहणाऱ्या वर्गासाठी ती चांगलीच. पण शाळेच्या आसपास एखादे जुने परस शिल्लक असेल, तर तिथली केळ आधी पाहून यावी. रोगट नसल्याची खात्री करावी: पाने शेंड्याशी गुच्छासारखी आखडलेली नकोत, खालची पाने अकाली पिवळी पडून लोंबणारी नकोत, खांब चिरलेला नको. मग मालकांकडे पिल्लू सांगून ठेवावे. जूनचे पहिले पाऊस झाल्यावर, तलवारीसारख्या पानांचे, दीड-दोन फुटी पिल्लू पहारीने आईच्या कंदापासून वेगळे करावे. त्याचा स्वतःचा कंद नारळाएवढा तरी असावा. मुळ्या छाटाव्यात, कंद स्वच्छ धुवावा, किडीची भोके दिसली तर ते पिल्लू टाकून द्यावे. आणि वर्गाच्या वहीत लिहून ठेवावे, की हे पिल्लू कोणत्या परसातून, कोणत्या साली आले, आणि त्या घरी ते कुणाकडून आले होते. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर घरातल्या सर्वांत वयस्कर बाईंना विचारावे.